प्रभू वाट दाखवतो म्हणजे नेमकं काय करतो?

प्रश्न : मी मूळची अंबड तालुक्यातली. छत्रपती संभाजीनगरला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळते आहे, पगार जवळजवळ दुप्पट. वडील वारले, आई गावी एकटी असते. भाऊ ट्रकवर, घरी कधीतरीच. मी उपवास-प्रार्थना केली, काही उत्तर आलं नाही. बायबल उघडलं तर एकदा अब्राहामाचं ‘आपला देश सोडून जा’ निघालं, दुसऱ्यांदा रूथ सासूला चिकटून राहिली ते. प्रार्थनासभेतल्या एका भाऊंनी सांगितलं, ‘प्रभू म्हणतो, जाऊ नकोस.’ देव माझा मार्गदर्शक, माझा सोबती असं संडे स्कूलपासून म्हणत आले. पण मला तर काहीच ऐकू येत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर : ताई, सलाम.

विश्वास कमी पडतोय असं मला वाटत नाही. ज्याला देवाची पर्वा नसते तो उपाशी राहून त्याला विचारत बसत नाही. तुमची अडचण वेगळी आहे आणि ती तुमच्या एकटीची नाही. जालना-परभणीकडच्या खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पाळक म्हणून माझी सेवा झाली. पाळकाच्या दारात लोक सर्वांत जास्त येतात ते याच कामासाठी. ‘पाळकसाहेब, प्रभूची इच्छा काय ते सांगा.’ मुलीला स्थळ आलंय, बोअर पाडायचाय, बांधालगतचं वावर विकायला निघालंय, पोराला लातूरला क्लासला ठेवायचंय. आणि बहुतेकांना हवं असतं एका शब्दाचं उत्तर, हो का नाही.

हे साहजिक आहे. आपण ज्या गावांत वाढलो तिथे कौल लावतात, मुहूर्त काढतात, अंगात येणाऱ्या बाईला विचारतात. मी कुणाला नावं ठेवत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. आपल्या पणज्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं तेव्हा त्यांनी हे सगळं सोडलं. पण विचारण्याची सवय पुष्कळांच्या मनात तशीच राहिली, फक्त विचारायचं ठिकाण बदललं. देवाकडे जायचं ते पुढे काय होणार हे काढून घ्यायला. मग उत्तर आलं नाही की वाटतं, देवच इथे नाही.

पवित्र शास्त्र मी जसं वाचत आलोय, त्यात क्रम उलटा आहे. देव आधी सोबत देतो. वाट त्या सोबतीत एकेक टप्पा करून उघडत जाते, आणि बऱ्याचदा मागे वळून पाहिल्यावरच ती वाट होती हे कळतं.

जालन्याजवळचं बेथेल तुम्ही पाहिलं असेल, निदान ऐकलं तरी असेल. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले तरुण. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपतही मिशनकडे आला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलाला वडिलांच्या ताब्यात देण्यात आलं. विश्वासाच्या अगदी पहिल्या पायरीवर भाऊ हातातून गेला. पुढे शेषाद्री जालन्याला आले, हैदराबाद संस्थानचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी त्यांनी बेथेल वसवलं. मुंबईच्या कोर्टात भाऊ गमावणाऱ्या त्या तरुणाला जालना आणि तिथली जमीन कुठून दिसणार होती? त्याला कुणी आधी नकाशा दाखवला नव्हता.

आणि त्यांनी गावाला नाव दिलं ते बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातल्या जागेचं. तो अध्याय आज रात्री ड्यूटीवरून आल्यावर सावकाश वाचा, कारण तुमचा प्रश्न त्यात जसाच्या तसा आहे.

याकोब घरातून पळालेला आहे. त्याने आंधळ्या बापाला फसवलंय, भावाचा आशीर्वाद लाटलाय, भाऊ जिवावर उठलाय. उपवास नाही, प्रार्थना नाही. अंधार पडला म्हणून तो एक धोंडा उशाला घेऊन झोपतो. त्या माणसाला स्वप्नात देव भेटतो आणि म्हणतो, मी तुझ्याबरोबर आहे, जाशील तिथे तुला राखीन, या देशात परत आणीन, तुला सोडणार नाही. आता यात काय नाही ते पाहा. तो निघालाय त्या हारानला कुणाकडे उतरायचं ते नाही. लाबान मामा लग्नाच्या रात्री मुलगी बदलणार आहे, हे नाही. दोन बायकांपायी चौदा वर्षं आणि कळपापायी सहा, अशी वीस वर्षं राबावं लागेल, मामा दहा वेळा मजुरी बदलेल, यातलं एक अक्षर नाही. देवाला हे ठाऊक नव्हतं असं आपण मानत नाही. त्याने सांगितलं नाही. ‘मी आहे’ एवढं सांगितलं.

याकोब सकाळी उठून काय म्हणतो? देव या जागी होता आणि मला कळलंच नव्हतं. मग नवस बोलतो, आणि तोही व्यापाऱ्यासारखा: देवाने मला खायला भाकर, नेसायला वस्त्र दिलं आणि सुखरूप घरी आणलं, तर तो माझा देव. ‘तर’! मला हा माणूस फार आवडतो. एवढं ऐकूनही तो सौदा करतो आणि देव त्याच्यावर रागावत नाही.

त्यानंतरची वीस वर्षं. दिवसा ऊन, रात्री गारठा, डोळ्याला डोळा नाही, असं तो स्वतःच एकतिसाव्या अध्यायात सांगतो. त्या काळात देव त्याच्याशी किती वेळा बोलला? शास्त्रात जे नोंदलं आहे ते फारच थोडं, आणि तेही शेवटाशेवटाला. मधली सगळी वर्षं मेंढरं, पाणी, बायकांची भांडणं, पोरांचा गोंगाट. आणि तरी शेवटी तो लाबानाला तोंडावर सांगतो की माझ्या बापाचा देव माझ्याबरोबर नसता तर तू मला रिकाम्या हाती लावून दिलं असतंस. ऐकू काही येत नव्हतं, पण कोण सोबत होतं हे त्याला मागे पाहून कळलं होतं. तुम्हाला थोडे आठवडे काही ऐकू आलेलं नाही. त्यावरून देव गेला असा हिशोब मांडू नका.

मार्गदर्शन मिळालं की पुढचं सगळं सुरळीत होतं, हाही आपल्याकडचा एक समज. ‘प्रभूने दार उघडलं’ असं साक्षीत सांगतात आणि सगळे आमेन म्हणतात. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. प्रेषित पौल आशियाकडे जाऊ पाहतो, पवित्र आत्मा अडवतो. बिथुनियाकडे वळतो, तिथेही अडवतो. त्रोवसला रात्री दृष्टान्त होतो, मासेदोनियाचा माणूस बोलावतोय. इतकं स्वच्छ मार्गदर्शन आपल्यापैकी कुणाला मिळतं? त्याप्रमाणे तो फिलिप्पैला जातो आणि थोड्याच दिवसांत फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात पडतो. मध्यरात्री तो आणि त्याचा सोबती सीला गाणी गात होते हे आपण आवडीने सांगतो. पण ते तिथे देवाच्या सांगण्यावरून आले होते, हे सांगायला विसरतो. म्हणजे उद्या तुम्ही मुंबईला गेलात आणि पहिल्या महिन्यात होस्टेलमध्ये रडू आलं, तर ‘देवाची इच्छा नव्हती’ असा निकाल लगेच लावू नका. इथेच राहिलात आणि पगार पुरला नाही, तरीही लावू नका.

आता ते बायबल उघडून बोट ठेवायचं.

एकतीस डिसेंबरच्या रात्री उपासनेत आपण थाळीतून वचनाचं कार्ड उचलतो. लहान पोरं, म्हाताऱ्या, सगळे हावरेपणाने उचलतात आणि वर्षभर ते कार्ड आरशाला खोचलेलं असतं. त्याला माझा विरोध नाही, मीही उचलतो. धीर द्यायला ते चांगलं आहे. पण त्या कार्डावरून जमीन विकू नये. सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर उभं केलं तेव्हा त्याने स्तोत्रातलंच वचन काढून दाखवलं होतं. तुझ्या पायाला ठेच लागू नये म्हणून देवदूत तुला झेलतील, म्हणून उडी टाक. वचन खरं होतं, वापर खोटा होता. आणि प्रभूचं उत्तर होतं, देवाची परीक्षा पाहू नकोस. देवावर विसंबणं कुठे संपतं आणि देवाला वेठीला धरणं कुठे सुरू होतं, हे त्या एका प्रसंगात जेवढं कळतं तेवढं माझ्या सगळ्या उपदेशांतून कळलं नसेल. (जाता जाता, तुम्हाला निघालेली दोन वचनं तुम्ही समजताय तशी एकमेकांविरुद्ध नाहीत. रूथनेही आपला देश सोडलाच की! मवाबातून बेथलेहेमला आली ती, आणि म्हाताऱ्या बाईला सोबत घेऊन आली.)

शास्त्र वाट दाखवतं, पण ते रोज, ओळीने, पुढचं-मागचं धरून वाचणाऱ्याला. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात वचनाला पावलांपुरता दिवा म्हटलंय. आपल्या भागात लोडशेडिंगच्या दिवसांत रात्री मोटार चालू करायला कंदील घेऊन वावरात गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दोन पावलं दिसतात, ती टाकली की पुढची दोन.

प्रार्थनासभेतल्या त्या भाऊंबद्दल. त्यांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणणार नाही. पण थेस्सलनीकाकरांना पौलाने एकाच दमात दोन गोष्टी लिहिल्या आहेत, संदेशांचा धिक्कार करू नका आणि सर्व गोष्टींची पारख करा. आपल्याकडे पहिली पाळतात, दुसरी गाळतात. पारख कशी करायची? त्यांना तुमच्या आईची परिस्थिती माहीत आहे का? तुमच्या कर्जाची, भावाची? ज्या गोष्टीबद्दल प्रभू तुमच्याशी काहीच बोललेला नाही तिथे ते तुम्हाला नवा हुकूम देताहेत, की आधीच मनात असलेल्या गोष्टीला दुजोरा देताहेत? तुम्ही ऐकलं नाही तर ते घाबरवतात का? ‘ऐकलं नाहीस तर शिक्षा होईल’ असं कुणी म्हणालं, तर तिथे माझ्यापुरता विषय संपतो. आणि संदेशापाठोपाठ पाकीट पुढे आलं तर तो त्या क्षणी संपतो. बाकी, एकट्या माणसाच्या सांगण्यावर मोठा निर्णय घ्यायची चाल मंडळीत कधीच नव्हती. यरुशलेमेतल्या वडीलमंडळींनी अन्त्युखियाला पत्र पाठवलं त्यात ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले’ असं लिहिलं आहे. भरपूर वादविवाद करून, सगळ्यांचं ऐकून घेऊन मग ते तसं लिहू शकले. तुमच्या मंडळीतल्या दोन शहाण्या बायका शोधा. शक्यतो अशा, ज्या तुमच्या आईलाही ओळखतात.

आता सोबतीबद्दल, कारण प्रश्नाचा खरा जीव तिथे आहे.

माझ्या एका मंडळीत निम्मी घरं ऊसतोडीला जायची. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, दसरा झाला की बैलगाड्या, ट्रॅक्टर निघायचे, ते पाडव्याच्या आगेमागे परत. नाताळाला देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, म्हातारे आणि शाळकरी पोरं तेवढी उरायची. एका वर्षी परतलेल्या एका बाईला मी विचारलं, तिकडे फडात उपासना नाही, प्रार्थना नाही, एकटं वाटत असेल. ती हसली. ‘पाळकसाहेब, डोक्यावर मोळी असल्यावर डोळे कुठं मिटायचे? तशीच बोलते त्याच्यासंगं. पोराला ताप होता तवाबी बोलले, मुकादमानं शिवी दिली तवाबी बोलले.’ तिला वाचता येत नव्हतं. तेविसावं स्तोत्र मात्र पाठ होतं, आणि मृत्युछायेच्या दरीतून जातानाही तू माझ्याबरोबर आहेस, ती ओळ ती अशी म्हणायची की जणू ती दरी कुठल्या फाट्यावर आहे ते तिला ठाऊक होतं.

त्या बाईने मला एकदाही विचारलं नाही की प्रभूची इच्छा काय आहे, ऊसतोडीला जाऊ का नको. तिच्यापुढे दुसरी वाटच नव्हती. तेव्हापासून माझ्या लक्षात आलं की ज्यांच्यापुढे दोन वाटा असतात ते देवाकडे मार्गदर्शक मागतात आणि ज्यांच्यापुढे एकच असते ते सोबती मागतात. दुसऱ्यांना देव लवकर सापडतो असं मी पुष्कळदा पाहिलं. याचा अर्थ गरिबीचं कौतुक करायचं असा नव्हे. याकोबाच्या पत्रात, म्हणजे त्या दुसऱ्या याकोबाच्या, स्वच्छ म्हटलंय की कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते. मुकादमाच्या हिशोबात फसलेल्या माणसाला ‘देव सोबत आहे, सोसून घे’ म्हणणारा पाळक मला मान्य नाही. त्याने आधी त्याच्याबरोबर हिशोबाला जाऊन बसावं.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत, त्याबद्दल आभार मानायला हरकत नाही.

तुम्ही ड्यूटीवर असता, तेव्हा गुडघे टेकून अर्धा तास प्रार्थना जमत नाही म्हणून मनाला खात असाल तर राजाचा प्यालेबरदार नहेम्या आठवा. राजा त्याला विचारतो, काय हवंय तुला? आणि त्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मध्ये, उभ्या उभ्या, तो स्वर्गीच्या देवाची प्रार्थना करतो. किती वेळ मिळाला असेल? एक श्वास. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना तेवढा वेळ मिळतो. सलाइन लावताना शीर सापडत नाही तेव्हा, नातेवाईक अंगावर येतात तेव्हा, पहाटे साडेतीनला डोळे मिटू लागतात तेव्हा. एकशे एकविसाव्या स्तोत्रात म्हटलंय की इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही. हे नाइट ड्यूटीवाल्यांना जसं कळतं तसं आम्हाला कळत नाही. आणि राग आला, कंटाळा आला, देवाचाच राग आला तर तेही बोला. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ अशी आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही, आणि तरीही ती प्रार्थना म्हणून शास्त्रात ठेवली गेली. सोबत्याशी माणूस नीटनेटकं बोलत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, तुमच्याबद्दल नसली तरी, कारण मराठवाड्यात ती सांगायलाच हवी. देवावर विसंबा, असं म्हणून आपण कधीकधी आजारी माणसाला आणखी खोल ढकलतो. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला होता, आता पुरे, माझा प्राण घे. तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. दूताकडून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी पाठवलं, खायला लावलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला लावलं. ती शांत, मंद वाणी नंतरची, कितीतरी नंतरची. नापिकीने, कर्जाने खचलेला माणूस झोपत नसेल, जेवत नसेल, निरवानिरवीची भाषा बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरकडे न्या, आणि १४४१६ या सरकारी ‘टेलिमानस’ क्रमांकावर फोन करा, तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत. प्रार्थना करायचीच आहे, ती दवाखान्याच्या वाटेवर करा. तुम्ही स्वतः नर्स आहात, तुमच्या मंडळीत हे तुम्ही सांगितलंत तर माझ्यापेक्षा जास्त ऐकलं जाईल.

तसंच अक्कल वापरण्याबद्दल. शेतकी खातं दरवर्षी सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. एका वर्षी पहिल्याच शिडकाव्यावर आमच्यातल्या एकाने ‘प्रभूवर भाव ठेवून’ सोयाबीन पेरलं, आणि पुढे पावसाने दडी मारली. दुबार पेरणीचा खर्च अंगावर आला. त्याच्या बायकोने देवळाच्या ओट्यावर सगळ्यांदेखत विचारलं, ‘देवानं पेर म्हणून सांगितलं होतं का तुम्ही घाई केली?’ नीतिसूत्रांतलं वचन आहे, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस. त्यातल्या ‘आपल्याच’वरून डोळा घसरू देऊ नका. बुद्धी वापरू नको असं ते म्हणत नाही, फक्त स्वतःचं तेवढं खरं मानू नको म्हणतं.

तर मग मुंबई.

शास्त्रावरून पाहता दोन्हींपैकी एकही वाट पाप नाही. म्हणजे तुम्ही चुकीची निवडलीत तर देव तुम्हाला स्टेशनवर सोडून निघून जाईल अशी भीती काढून टाका. ती भीती असेपर्यंत कुठलाच निर्णय नीट होत नाही. इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात ‘मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही’ हे वचन आलंय. कशाबद्दल बोलताना आलंय ते बघा. पैशाबद्दल! द्रव्यलोभ धरू नका, जवळ आहे त्यात तृप्त असा, कारण तो म्हणाला आहे की मी तुला सोडणार नाही. दुप्पट पगार घेणं वाईट असं मी म्हणत नाही. नर्सच्या पगारातून घर चालतं, भावाचं कर्ज फिटतं, यात लाजायचं काय? पण तो पगार नसता तर तुम्ही या नोकरीकडे पाहिलं असतं का, हे स्वतःला विचारा. उत्तर कुणाला सांगायची गरज नाही.

आईचा विचार मात्र टाळता येणार नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू परूश्यांवर, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपंथीयांवर, चिडतो ते यासाठी की लोक आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं म्हणून हात वर करायचे. देवाचं नाव पुढे करून आईची जबाबदारी झटकणं त्याला खपलं नाही. आणि त्याच प्रभूने वधस्तंभावर, मरणाच्या वेदनेत, आपल्या आईची सोय लावली. पण ती कशी लावली? स्वतः खाली उतरून नव्हे. जवळ उभ्या असलेल्या शिष्याच्या हाती तिला सोपवलं, आणि त्या वेळेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवलं. आईजवळ प्रत्यक्ष राहणं हा तिला सांभाळण्याचा एक मार्ग आहे. दुसऱ्या कुणावर रीतसर जबाबदारी सोपवून, पैसे पाठवून, येत-जात राहून सांभाळणं हाही आहे. मात्र तो दुसरा माणूस खरोखर असला पाहिजे, नुसतं ‘मंडळी बघेल’ म्हणून चालत नाही. मंडळी म्हणजे कोण? नाव घ्या. शुगर-बीपीच्या गोळ्या कोण आणून देणार, रात्री पडली तर कोणाचं दार वाजवणार, पावसाळ्यात गावचा रस्ता बंद झाला तर काय?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात देवाला विचारलंय, बायबलला विचारलंय, प्रार्थनासभेतल्या भाऊंना विचारलंय, मला विचारलंय. आईला विचारल्याचं कुठे दिसलं नाही. कदाचित ती ‘जा’ म्हणेल याची भीती असेल, कदाचित ‘नको जाऊ’ म्हणेल याची. या रविवारी गावी जा, भाकरी खाल्ल्यावर तिच्याजवळ बसा आणि सगळं सांगा, पगाराचा आकडासुद्धा. ती काय म्हणते ते अंतिम नाही, पण देव बोलत नाही असं म्हणताना त्याने जिच्या तोंडून बोलायची सर्वांत जास्त शक्यता आहे तिलाच आपण गप्प ठेवलेलं असू नये. भावालाही फोन लावा. ट्रक कुठेही असला तरी फोन लागतो.

मग हॉस्पिटलला विचारून जितकी मुदत मिळते तेवढी घ्या, आणि तिच्या आत ठरवा. ठरल्यावर पुन्हा बायबल उघडून खात्री करत बसू नका.

जायचं ठरलं तर तुमच्या पाळकांकडून मंडळीच्या सभासदत्वाचा दाखला आधी मागून घ्या. पोरं गावातून जाताना शाळेचा दाखला नेतात, कास्ट सर्टिफिकेट नेतात, हा मागायला कुणी येत नाही, आणि मग मुंबईत चार वर्षं कुठल्याच देवळात त्यांचं नाव नसतं. पहिल्याच रविवारी जवळच्या मराठी उपासनेला जा. मुंबईत त्या आहेत, तुमच्यासारख्या आमच्याकडच्या नर्स तिथे बाकावर सापडतील. आणि सुट्टी पाहूनच ड्यूटी लावून घ्या, जालन्याहून मुंबईला रात्रीची गाडी आहे, दोन दिवस मिळाले तरी आईला भेटून परत जाता येतं.

राहायचं ठरलं तर हॉस्पिटलला ‘येत नाही’ असं स्वतः लिहून कळवा, आभार मानून. आणि सध्याच्या दवाखान्यात पगारवाढीचं बोला, हेही तुम्ही अजून केलं नसणार.